दीड लाख माणसं कुठे गेली? तलवाड्यातून हवामानाचा इतिहास वाचताना

आधी दोन आकडे घ्या. १८९१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या होती ६,४२,७२२. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये ती भरली ४,९२,२५८. वजाबाकी केली तर १,५०,४६४ माणसं कमी. म्हणजे दर चार माणसांमागे जवळपास एक माणूस दहा वर्षांत यादीतून गेला.

आता तुम्ही ‘हवामान बदलाचा परिसंस्थेवर व समाजावर होणारा परिणाम’ असा विषय घेऊन पीएच.डी.ला बसणार आहात असं समजा. पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायचाय, आणि हा आकडा हाती आला. पहिलं वाक्य काय लिहाल? बहुतेक जण लिहितात : ‘१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळामुळे बीड जिल्ह्यात दीड लाख लोक मृत्युमुखी पडले.’ वाक्य छान वाटतं. गाईडही कदाचित सही करतील. पण त्यात दोन गोष्टी न तपासता घुसल्या आहेत. एक, कमी झालेली सगळी माणसं मेली. दोन, ती पाऊस न पडल्यामुळे मेली. पहिल्या गोष्टीवर पुढे येते. दुसरीवर हा अख्खा लेख आहे, कारण हवामान आणि माणूस यांच्यातला कार्यकारणभाव हाच या विषयाचा सगळ्यात नाजूक सांधा आहे, आणि नवीन संशोधक नेमका तिथेच घसरतो.

मी तलवाड्यातून बोलतेय. गेवराई तालुका, बीड जिल्हा. त्वरिता देवीमुळे गाव माहीत असेल काहींना. उत्तरेला गोदावरी तालुक्याची हद्द धरून वाहते, गाव मात्र पर्जन्यछायेत. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ‘सरासरी’ हा शब्द इथे फारसा कामाचा नाही, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. एका वर्षी चारशे, एका वर्षी हजार, सरासरी सातशे. सातशेचं वर्ष प्रत्यक्षात किती वेळा येतं, हे भारतीय हवामान विभागाचा १९०१ पासूनचा जाळीदार पर्जन्य-डेटा उतरवून स्वतः मोजून बघा. दोन तासांचं काम आहे आणि विषय डोक्यात पक्का बसतो.

पण तो डेटा १९०१ पासून. आपली दीड लाख माणसं त्याच्या आधीच गेली. मग त्याआधीचा पाऊस कसा मोजायचा?

इथे विज्ञानवाल्यांना जरा मजा आहे. छत्तीसगडमध्ये बस्तर भागात दंडक नावाची चुनखडीची गुहा आहे. गुहेच्या छतातून थेंब पडतो, तळाशी चुन्याचा खांब वर्षानुवर्षं वाढत जातो. त्या खांबाच्या थरांत ऑक्सिजनचे हलके आणि जड समस्थानिक कोणत्या प्रमाणात आहेत त्यावरून त्या काळातला मान्सून जोरदार होता की कमजोर, हे कळतं. आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या गुहेतून इ.स. ६०० ते १५०० अशी नऊशे वर्षांची मान्सूनची नोंद मांडली. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला मान्सून अनेकदा कमजोर पडल्याचं त्यात दिसतं. आणि आपल्याकडे परंपरेने ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ म्हणतात तो नेमका १३९६ पासून पुढची बारा वर्षं धरला जातो. गुहेतला चुना आणि लोकांची आठवण एकमेकांना दुजोरा देतात. असं जुळलं की अंगावर काटा येतो, हे मान्य.

तरी हुरळून जाऊ नका. बस्तर कुठे, बालाघाटचे डोंगर कुठे! मान्सूनचा मोठा कल दोन्हीकडे सारखा असू शकतो, पण तलवाड्याच्या शिवारात १३९६ च्या श्रावणात पाऊस पडला का, हे तो खांब सांगणार नाही.

याहून मोठा धडा लोणारच्या तळ्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या या उल्का-विवराच्या तळाचा गाळ काढून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये गेल्या अकरा हजार वर्षांतल्या मान्सूनची नोंद प्रसिद्ध केली. त्यात दोन लांबलचक कोरडे कालखंड दिसले : साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. आता हे दोन पट्टे कागदावर आखा आणि शेजारी महाराष्ट्राचा इतिहास मांडा.

पहिली अडचण इनामगावची. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर हे ताम्रपाषाणयुगीन गाव. १९६८ पासून पुढे डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं तुम्ही वाचलेली असतीलच. सुरुवातीच्या जोर्वे काळात, इ.स.पू. १४०० ते १००० च्या दरम्यान, तिथे चौकोनी मोठी घरं, पुराचं पाणी वळवायला पाट, गहू-सातूची शेती. नंतरच्या जोर्वे काळात, इ.स.पू. १००० ते ७०० मध्ये, घरं लहान आणि गोल झाली, धान्याची शेती आटली, गुरं-शेळ्यांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली. शेवटी गाव उठलं. ढवळीकरांनी याचं कारण वाढत्या कोरडेपणात शोधलं. सुंदर मांडणी आहे आणि मराठीतून वाचायला मिळते, त्यामुळे आपल्याकडे ती जवळपास पाठ्यपुस्तकी सत्य झाली आहे.

आता लोणारचे पट्टे बघा. इनामगाव उठलं ते आजपासून सुमारे २,७०० वर्षांपूर्वी. पहिला कोरडा काळ तोवर संपून हजार वर्षं झालेली, दुसरा अजून सातशे वर्षं लांब. म्हणजे या नोंदीप्रमाणे तरी इनामगाव कोणत्याच मोठ्या दुष्काळी पट्ट्यात बसत नाही. ग्वेन रॉबिन्स शुग या जैव-पुरातत्त्वज्ञ बाईंनी २०११ च्या पुस्तकात नेवासा, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून ही गोष्ट वेगळ्या वाटेने मांडली. मुलांची वाढ खुंटलेली होती, समाजावर ताण होता, हे हाडांत दिसतं. पण त्यासाठी अचानक आलेला कोरडेपणा जबाबदार धरायला पुरावा पुरत नाही, प्रदेश आधीपासूनच अर्धशुष्क होता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. मला ही बाजू जास्त पटते. तुम्हाला नाही पटली तर उत्तम, पण मग लोणारच्या तारखांना उत्तर देऊन दाखवा.

दुसरी अडचण उलट्या बाजूची, आणि ती फारसं कोणी बोलून दाखवत नाही. २,००० ते ६०० वर्षांपूर्वी म्हणजे साधारण इ.स.च्या सुरुवातीपासून चौदाव्या शतकापर्यंत. या ‘कोरड्या’ चौदा शतकांत आपल्याकडे काय काय झालं? पैठणच्या सातवाहनांच्या वैभवाचा मोठा भाग, वेरूळ, आणि देवगिरीचे यादव. गोदाकाठ भरभराटीला आला तो याच काळात! मग कोरडा काळ म्हणजे ऱ्हास, हे समीकरण गेलं कुठे? अर्थात चौदाशे वर्षं सलग पाऊस नव्हता असं कोणी म्हणत नाही. गाळाचा एक थर कित्येक वर्षांची सरासरी सांगतो. राजवटी त्या सरासरीत राहत नाहीत, त्या एकेका पावसाळ्यात राहतात. तरीही हवामानाच्या आलेखाखाली राजवंशांची नावं चिकटवून ‘बघा, जुळलं’ म्हणण्याआधी हे उदाहरण आठवत जा.

माळरानाचाही हिशोब इथेच करून टाकते. बीडचं माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचं उरलेलं उजाड रान, असं सरकारी वृक्षारोपणाच्या फलकापासून शाळेच्या निबंधापर्यंत सगळीकडे गृहीत धरलेलं असतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये वेगळाच उद्योग केला. जुनं मराठी साहित्य, लोकगीतं, कथा यांत आलेल्या झाडाझुडपांच्या नोंदी वेचल्या आणि त्या वनस्पती कुठल्या परिसंस्थेतल्या ते पाहिलं. बहुतांश निघाल्या गवताळ माळरानाच्या. पश्चिम महाराष्ट्रातलं माळरान किमान साडेसातशे वर्षं माळरानच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. बाभूळ, हिवर, तरवड, पळस ही काही जंगल गेल्यानंतर आलेली उपरी मंडळी नव्हेत. मराठी वाचता येणं हे पर्यावरणशास्त्रात किती मोठं हत्यार आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला सापडलेला नाही. इंग्रजी पेपर वाचता येत नाहीत म्हणून रडणाऱ्यांनी हा एक जरूर वाचावा. आणि मग विचार करा : हवामान बदलावरचा उपाय म्हणून ज्या माळावर आपण खड्डे खणून रोपं लावतो, तिथली मूळची परिसंस्था आपणच मोडत तर नाही ना? धनगराच्या मेंढरांचं चराऊ रान त्या कुंपणात गेलं, तर तो परिणाम हवामानाच्या खात्यावर मांडायचा की वनखात्याच्या?

आता कागदपत्रांच्या काळात येऊ. इथे बीड एकदम मध्यभागी येतं.

१६३० चा मोठा दुष्काळ तुम्हाला तुकोबांच्या चरित्रामुळे माहीत आहे. पावसाने सलग दगा दिला हे खरं. पण त्याच वेळी आपल्या भागात काय चाललं होतं? शाहजहानविरुद्ध बंड केलेला खानजहान लोदी निजामशाहीच्या आश्रयाला आला होता. बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता आणि त्याचा सरदार आझमखान लोदीच्या मागावर थेट बीडपर्यंत आला. पुढे मोगलांनी धारूरचा किल्ला घेतला. मग परांड्याला वेढा घातला, आणि तो उठवावा लागला, कारण आसपास घोड्यांना चारा उरला नव्हता. हे जरा थांबून वाचा. ज्या वर्षी गावातली गुरं चाऱ्यावाचून मरत होती, त्याच वर्षी हजारो घोडे आणि बैल घेऊन एक फौज त्याच शिवारातून फिरत होती. गवत पावसाने कमी उगवलं, आणि जे उगवलं ते फौजेने खाल्लं. यातला मान्सूनचा वाटा किती आणि मोगलांचा किती, हे टक्क्यांत सांगता येणार नाही. पण दोन्हीचं नाव घ्यायलाच हवं.

(जाता जाता एक गोष्ट. राक्षसभुवन हे गेवराई तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. १० ऑगस्ट १७६३ ला तिथे निजामाची फौज हरली, याचं मोठं कारण गोदावरीचा पूर. निजाम नदी उतरून गेला, विठ्ठल सुंदर मागच्या काठावर अडकला आणि मारला गेला. शाळेत हे मराठ्यांचा पराक्रम म्हणून शिकवतात, आणि पराक्रम होताच. पण नदीच्या अभ्यासकासाठी ही ऑगस्टमधल्या पुराची तारीखवार नोंद आहे. अशा नोंदी बखरी-पत्रांत शेकड्यांनी पडल्यात. एका पुरावरून हवामान कळत नाही, पण शंभर पुरांच्या तारखा लावल्या तर काहीतरी कळू लागतं. कोणीतरी घ्या हा विषय.)

मग येतो १८७६. याच्यावर हवामानशास्त्राने गेल्या काही वर्षांत खूपच स्वच्छ काम केलंय. दीप्ती सिंह आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा पेपर वृक्षवलयं आणि जुन्या नोंदी जोडून सांगतो की, आधी प्रशांत महासागर कित्येक वर्षं थंड राहिला, मग १८७७-७८ मध्ये अतिशय तीव्र एल निनो आला, त्यात हिंदी महासागरातला तापमानाचा झोकाही टोकाला गेला आणि पुढे उत्तर अटलांटिक विक्रमी तापला. भारत, चीन, ब्राझील, आफ्रिका, सगळीकडे एकाच वेळी पाऊस हरवला. नैसर्गिक चढउतारांतून इतका मोठा जागतिक दुष्काळ पडू शकतो, तर तापलेल्या जगात काय होईल, हा त्या पेपरचा इशारा.

पण माणसं? भारतातल्या मृत्यूंचे अंदाज पन्नास लाखांच्या वरपासून एक कोटीपर्यंत जातात. आणि याच काळात बंदरांतून धान्य परदेशी जात होतं. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य एक पौंडावर आणलं, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोश्यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. माझ्या मते महाराष्ट्रातलं समाजशास्त्रीय क्षेत्रकाम इथून सुरू होतं. सार्वजनिक सभेची त्रैमासिकं विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचा, प्रश्नावली कशी बनवायची ते कळेल.

एक पेच मात्र लक्षात ठेवा. सार्वजनिक सभा पुण्याची, टेंपल मुंबई इलाख्याचे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिलं. मुंबई इलाख्याच्या अहमदनगर जिल्ह्याचे दुष्काळी कागद इंग्रजीत आणि तपशीलवार मिळतात, सीमेपलीकडच्या आपल्या जिल्ह्याचे उर्दू-फारसीत आणि हैदराबादेत. परिणाम असा की ‘दख्खनच्या दुष्काळाचा’ इतिहास म्हणून जो वाचायला मिळतो तो बहुतेक नगर, सोलापूर, पुण्याचा असतो. आणि मग आपण नगरचे निष्कर्ष उचलून बीडला लावतो, जणू ढगांसारखाच कारभारही सीमा ओलांडून येतो. ढग येतात. टेंपलचा मजुरीदर येत नाही.

आता सुरुवातीच्या वजाबाकीकडे. १८९९ चा मान्सून नोंदींमधल्या सर्वांत वाईट मान्सूनांपैकी एक. एल निनोचं वर्ष. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतीय हवामान विभागाचे प्रमुख झाले तेव्हा हीच जखम ताजी होती, आणि मान्सूनचं भाकीत करण्याच्या खटपटीत त्यांनी प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधून काढला. आज जगभर ज्याला दक्षिणी आंदोलन म्हणतात ते भारतातल्या दुष्काळाच्या अभ्यासातून निघालंय.

पण १,५०,४६४? हा आकडा फोडायला शिका. यातले काही जण उपासमारीने गेले. त्याहून जास्त बहुधा उपासमारीने खंगलेल्या शरीराला पटकीने आणि तापाने गाठल्यामुळे गेले. दुष्काळी मृत्यूंचा हा नेहमीचा क्रम आहे. काही मूल न झाल्यामुळे ‘कमी’ झाले, कारण भुकेल्या वर्षांत जन्मदर कोसळतो. आणि काही चालत निघून गेले. कोकणाकडे, वऱ्हाडाकडे, मुंबईला. ते मेले नाहीत, फक्त बीडच्या यादीत नव्हते. यांना वेगळं कसं करायचं? १९११ आणि १९२१ च्या जनगणनेतले वयोगट काढा. १९०१ च्या आसपास जन्मलेल्यांच्या वयोगटात खाच दिसते का बघा. शेजारच्या जिल्ह्यांच्या तक्त्यांत ‘जन्मस्थान’ हा रकाना असतो, तिथे निजामाच्या मुलखात जन्मलेले किती वाढले ते बघा. जिल्ह्याच्या हद्दी मधल्या काळात बदलल्या का, हेही आधी तपासा, नाहीतर एखादा तालुका दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि तुम्ही त्याचं श्राद्ध घालून मोकळे. एवढं केल्यावर मगच वाक्य लिहा. ते ‘दीड लाख मृत्युमुखी पडले’ इतकं ठसठशीत होणार नाही. होऊ नये.

बाहत्तर या एका आकड्यावर मात्र गावात कोणालाही बोलतं करता येतं. तलवाड्यात एखाद्या आजीला विचारा, ‘आज्जी, बाहत्तरला काय खाल्लं?’ मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं, छावणीतली गुरं, सगळं क्रमाने येतं. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी आठवून अजून तोंड वाकडं करतात. १९७२ हेही एल निनोचं वर्ष, आणि त्याच्या आधीची दोन वर्षंही महाराष्ट्रात बरी नव्हती. पावसाच्या बाजूने बघितलं तर १८९९ च्या पंक्तीत बसणारं संकट. पण माणसांच्या बाजूने? ज्यां द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. हाल प्रचंड झाले, गुरं गेली, दागिने-भांडी विकली गेली. तरी १९०० सारखी माणसं मेली नाहीत. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाच्या ठिकाणी लाल बावट्याचे आणि इतर पक्षांचे मोर्चे निघत, वर्तमानपत्रं लिहीत, निवडणुका होत्या. साडेचारशे ग्रॅमवर माणसाला राबवणं आता कोणाला परवडणारं नव्हतं.

म्हणजे बघा : सत्तर वर्षांच्या अंतराने जवळपास तसाच पाऊस पडला नाही, आणि परिणाम पूर्ण वेगळा. तुम्हाला हवामानाच्या परिणामांवर शोधप्रबंध लिहायचा असेल तर याहून चांगली तुलना कुठल्याच प्रयोगशाळेत मिळणार नाही.

पण गोष्ट इथे सुखान्त होत नाही. हीच आजी पुढे म्हणेल, ‘बाहत्तरला खायला नव्हतं, पर प्यायला पानी व्हतं. आता दुकानात सगळं हाय, पानी नाही.’ हे वाक्य मराठवाड्यात इतक्यांदा ऐकू येतं की आपण त्याकडे म्हण म्हणून बघतो. मी त्याकडे भूजलशास्त्र म्हणून बघते.

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. काळा पाषाण. त्यात पाणी मावतं ते फक्त वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि जुन्या लाव्हाच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूसारखा हा स्पंज नाही. जुनी विहीर चाळीस-पन्नास फूट, म्हणजे मुरमाच्या थरापुरती. ती दरवर्षी पावसाने भरे आणि उन्हाळ्यात उतरे. बीड शहराबाहेरची सोळाव्या शतकातली खजाना विहीर, निजामशाहीतल्या सलाबतखानाने बांधलेली, आठवा; जमिनीखालच्या पाटांनी पाणी वाहून नेणारी ती रचना याच उथळ पाण्याच्या शहाणपणावर उभी आहे. बाहत्तरनंतर बोअरची गाडी आली. सुरुवातीला पिण्याच्या पाण्यासाठी हातपंप, आणि त्यांनी खरंच जीव वाचवले. मग वीज आली, मोटार आली, बोअर शेतात गेलं आणि दोनशे, पाचशे, पुढे हजार फुटांवर पोचलं. खोल भेगांतलं पाणी कित्येक वर्षांत साठलेलं असतं. ते एका उन्हाळ्यात उपसलं की पुढचा एक चांगला पावसाळा पुरत नाही. म्हणून २०१२ ला काय झालं बघा : एल निनो ठळक नसतानाही मराठवाडा टँकरवर आला. २०१५ ला तीव्र एल निनो आला तेव्हा तर तळच गाठला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. लातूर ज्या मांजरा धरणावर जगतं ते धरण आपल्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे. ते कोरडं पडलं होतं.

आणि ऊस? कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालातला आकडा प्रसिद्ध आहे : महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस, आणि सिंचनाच्या पाण्यातला जवळपास सत्तर टक्के वाटा त्याला. जायकवाडीचं काम १९६५ मध्ये सुरू झालं, १९७६ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं, उजवा कालवा पैठणहून गेवराईच्या बाजूने माजलगावपर्यंत गेला. धरणाची कल्पना अवर्षणग्रस्त मराठवाड्याच्या भुसार पिकांना आधार देण्याची. कालव्याला पाणी आलं, आणि जिथे शक्य झालं तिथे त्याच्या मागोमाग ऊस आला. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. हमखास भाव आणि हमखास उचलणारा कारखाना दुसऱ्या कुठल्या पिकाला आहे?

ज्याच्याकडे ते पाणी पोचलं नाही, तो कोयता घेऊन पाणी असलेल्या मुलखात गेला. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलं बरोबर नाहीतर म्हातारीपाशी. २०१९ मध्ये जिल्ह्यात झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. एक दिवस खाडा झाला तर दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, आणि दुखण्यावर ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला. हा हवामान बदलाचा परिणाम आहे का? काही अहवालांत तो तसा सरळ मांडलेला दिसतो : दुष्काळ, म्हणून स्थलांतर, म्हणून शस्त्रक्रिया. मला ही साखळी फार सोयीची वाटते. यात मुकादम नाही, कारखाना नाही, डॉक्टर नाही. दंड आकारणारा मान्सून अजून कोणी पाहिलेला नाही.

मग हवामान बदललंच नाही का? बदललंय, आणि ते नाकारणं तितकंच चूक. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या गोस्वामींच्या चमूने २००६ मध्ये दाखवलं की मध्य भारतात मुसळधार पावसाचे दिवस वाढत आहेत आणि मध्यम पावसाचे घटत आहेत. रॉक्सी कोल यांच्या २०१७ च्या पेपरात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं आलं. आमच्याकडे याचा अर्थ असा : जूनमध्ये पेरणी, मग तीन-चार आठवड्यांचा खंड, दुबार पेरणी, आणि काढणीला आलेल्या कापसा-सोयाबीनवर सप्टेंबरात ढगफुटीसारखा पाऊस. २०२५ च्या सप्टेंबरात गोदाकाठच्या गावांनी तो भोगला. वर्षाची बेरीज काढली तर पाऊस ‘सरासरीपेक्षा जास्त’! बेसॉल्टचा मुरूम झिरप घेतो तो संथ पावसात. तासाभरात शंभर मिलिमीटर पडला तर पाणी माती घेऊन ओढ्याने निघून जातं. म्हणजे हवामान बदलाने बोअरच्या संकटात भर घातली, आणि बोअरच्या संकटाने हवामान बदल सोसायची ताकद काढून घेतली. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे गावागणिक वेगळं निघेल.

हे गावागणिकचं काम अजून झालेलं नाही, आणि तुमच्यासाठी जागा तिथेच आहे. मला जे करून हवंय ते सांगते. १८९९-१९०० चे बीडचे महसुली कागद हैदराबादला, तेलंगणच्या राज्य अभिलेखागारात शोधायचे : तगाई कोणाला दिली, सारामाफी कुठे झाली, कुठल्या गावाची किती जमीन पडीक लिहिली. शेजारी १९११ च्या जनगणनेचे वयोगट मांडायचे. आणि त्यावर गावाच्या भूजलाचा आजचा नकाशा ठेवायचा, कारण १९०० मध्ये पाण्यावाचून आधी उठलेली वाडी आणि २०१६ मध्ये आधी टँकर लागलेली वाडी एकच आहे का, हे कोणी पाहिलेलं नाही. एकच निघाली तर कारण खडकात शोधावं लागेल. वेगवेगळ्या निघाल्या तर मधल्या शंभर वर्षांत माणसांनी काय केलं त्यात.

यासाठी लागणाऱ्या गोष्टींपैकी जीआयएस तुम्ही महिनाभरात शिकाल, आर मध्ये आलेख काढायला दोन महिने. शिकस्ता वळणातलं उर्दू वाचायला मात्र वर्षभर तरी लागतं. ते आधी सुरू करा.